साडीच्या आडोशाला

प्रिय मंदाताई,

आज दुकानात तुम्हाला श्रद्धांजली वाहिली. दोन मिनिटं उभं राहून! आणि मी खाली बसले. पुढे काय झालं ते तुम्हालाच सांगायला हवं, म्हणून लिहितेय. हसू नका.

गादी काढून काउंटर लावले तेव्हाच आपलं बसणं गेलं, नाही का? आधी पांढऱ्या गादीवर मांडी घालून साड्या दाखवायचो. मग शेठ म्हणाले, आता हे शोरूम आहे, बसलेली बाई आळशी दिसते. खुर्च्या आल्या, त्या गिऱ्हाइकांना. आपण शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत उभ्या. संडास पलीकडच्या इमारतीत, तिथे जायलाही विचारावं लागे, म्हणून पाणी पिणंच सोडलं.

ती युक्ती तुमचीच. एकीने साडी दोन्ही हातांनी पसरून धरायची आणि दुसरीने तिच्या आड खोक्यांवर टेकायचं. कॅमेऱ्याला दिसायची नुसती साडी. एकदा मी मागे चक्क डुलकी काढली आणि समोरच्या काकूंना नेमकी तीच साडी आवडली! "अहो, ही नका घेऊ, रंग जातो हिचा," तुम्ही म्हणालात. शेठच्या देखत! बोलणी खाल्लीत, पण मला उठवलं नाहीत.

रागही आहे हं तुमच्यावर. माझ्यासाठी साडी धरायचात आणि तुमची बसायची वेळ आली की "मला नाही गं दुखत" म्हणायचात. पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या, त्या मोज्यांत लपवल्यात. कुणाला फसवत होता? पायातली रक्ताची गाठ छातीत गेली, असं डॉक्टर म्हणाले. सुट्टी मागितली असतीत तर? पण सुट्टी मागणाऱ्या बाईच्या जागी दुसऱ्या दिवशी नवी बाई असते, हे आपण दोघींनीही पाहिलं होतं.

तर आज. काउंटरवर तुमचा फोटो, हार, उदबत्ती. शेठ म्हणाले, "सर्वांनी उभं राहावं." बसलं कोण होतं हो, उठायला? माझे पाय ठणकत होते. मी सरळ गिऱ्हाइकांच्या खुर्चीत जाऊन बसले.

"सुनंदाबाई, उठा. शोभतं का हे?"

"ताई उभ्याउभ्याच गेल्या, शेठ. मी बसून हात जोडते."

तुमच्या जागी रेश्मा म्हणून नवी मुलगी आलीय. तिला तुमची युक्ती मीच शिकवली. तिने घाईघाईने एक साडी उलगडली आणि शेठ आणि माझ्यामध्ये पसरून धरली. मला रडूच आलं, ताई.

"खाली ठेव गं," मी म्हटलं. "आज आडोसा नको."

शेठ एवढंच म्हणाले, "उद्यापासून उभं राहायचं असेल तरच या."

भीती वाटते. खोटं कशाला बोलू? घर माझ्या पगारावर चालतं, आणि दुसरीकडे तरी कोण बसायला देणार आहे? फार दमलेय. पण रेश्माचे पाय अजून चांगले आहेत.

म्हणून उद्या जाणार आहे. नेहमीच्याच स्वारगेटच्या बसने, स्वयंपाकघरातलं स्टूल हातात घेऊन. काउंटरमागे ठेवीन आणि आधी रेश्माला बसवीन. मला काढलं तरी स्टूल तिथेच ठेवून येईन. हा माझा शब्द. साडी मात्र आता कुणी धरायची नाही.

हे सगळं बसून लिहिणारी,
तुमची सुनंदा