दखल

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता आखातात, फुजैराला, तेलाच्या टर्मिनलवर सेफ्टी ऑफिसर आहे. तत्त्वज्ञान कॉलेजातच सुटलं. पण या आठवड्यात मिरजेचा तो वर्ग सारखा डोळ्यांसमोर येतोय. तीन-चारशे वर्षांपूर्वीचे युरोपातले विचारवंत तुम्ही शिकवत होतात. माणूस झोपडीबाहेर आला, इतरांकडे बघू लागला, आणि आपल्याकडेही कुणी बघावं असं त्याला वाटू लागलं. तिथूनच सगळं बिघडलं, असं त्यांतला एक म्हणतो. आम्ही हसलो. तुम्ही खडू खाली ठेवलात. "हसू नका. भुकेला माणूस ओरडतो. ज्याची दखल कुणी घेत नाही तो गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला भ्या."

इथे आमचे एक सीनियर इंजिनियर आहेत, सगळे त्यांना साहेब म्हणतात. पंपहाउस त्यांनीच उभं केलेलं. गेल्या महिन्यात नव्या मॅनेजरने मीटिंगमध्ये एकेकाचं नाव घेऊन आभार मानले, यांचं तेवढं राहिलं. मुद्दाम नसावं. "यल्ला, बॅक टू वर्क," म्हणत तो उठलासुद्धा. तेव्हापासून साहेबांचं बोलणं बंद. वेळेवर येतात, काम करतात, चहा एकटेच घेतात.

परवा सकाळची गोष्ट. मी राउंडवर आहे. पंपाजवळ पेट्रोलचा उग्र वास येतो. साहेब तिथेच उभे, त्याच पंपाकडे बघत.

"आपको स्मेल नहीं आ रहा?" मी ओरडते.

"आ रहा है," ते शांतपणे म्हणतात. "कल से. मुझसे किसी ने पूछा?"

शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंगची तयारी चाललेली. मी धावत जाऊन अलार्म दाबला. सगळे बाहेर पडले, पंप बंद झाला, कुणाला काही झालं नाही. साहेब सगळ्यांत शेवटी, सावकाश चालत आले. त्यांचं ते 'कल से' मी मॅनेजरला सांगितलं. "तुझी ऐकण्यात चूक झाली असेल," म्हणाला, आणि काल सगळ्या स्टाफसमोर मला पुढे बोलावलं. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेत साहेब हात मांडीवर ठेवून बसले होते. उद्यापासून आमची ड्यूटी एकत्र आहे. मला भीती वाटते, सर.

हे पाठवणार तरी कुठे? घरी कुणाला बोलले नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी साहेबांकडेच बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघावं, असं मला फार वाटत होतं.