उलट्या आट्याची रिंग

बाळीवेस, सोलापूर
बुधवार, ता. २६ जून १९७४

तीर्थरूप चनमल्लप्पामामांना,

नीलूचा वाकून नमस्कार. (कमरेला मार बसल्यामुळे सध्या पूर्ण वाकता येत नाही. जमला तेवढा गोड मानून घ्यावा. मार कसा बसला ते पुढे येईलच.) इकडे सर्व जण सुखरूप आहेत. आप्पांचा खोकला कमी आहे, तुमच्या अक्काचे, म्हणजे आमच्या अव्वाचे, गुडघे होते तसेच आहेत. तुमची प्रकृती कशी आहे? अकलूजला उसामुळे गारवा असतो म्हणतात, ते खरं का? कारखान्याचा हंगाम संपून तुम्हाला थोडी उसंत मिळाली असेल, अशा समजुतीने हे लांबलचक पत्र लिहायला बसले आहे.

तुमची शाळा कानडी झाल्यामुळे मराठी पत्रं तुम्हाला टाइमकीपर रामहरी वाचून दाखवतात, असं कळलं. रामहरीभाऊंनाही नमस्कार. त्यांना एकच विनंती, कंसातला मजकूर मोठ्याने वाचू नये. (वरचा एक कंस वाचून झाला असेल, त्याला आता इलाज नाही.)

मोठी बातमी आधी. मामा, मी बी.ए. झाले. तत्त्वज्ञान घेऊन, दुसऱ्या वर्गात. तुमचं आणि आमचं, दोन्ही घरं मिळून पदवी घेतलेलं हे पहिलंच माणूस. आप्पांनी गिरणीत पेढे वाटले. अव्वाने फक्त एवढंच विचारलं, "आधी ए येतंय, मग बी. ह्यांनी उलटं का लिवलंय?" (चार वर्षं शिकून पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर.) येत्या सोमवारपासून मी गावाबाहेरच्या मुलींच्या शाळेत शिकवायला जाणार आहे. शाळा घरापासून चार मैल. बस आहे, पण ज्या मुलींना मी स्वतःच्या पायांवर उभं राहायला शिकवणार, त्यांच्यापुढे बसच्या दांड्याला लोंबकळत जाणं मनाला पटेना. आप्पा म्हणाले, "पास झालीस, काय पायजे बोल." मी मधल्या खोलीतल्या खुंटीकडे बोट दाखवलं.

खुंटीवर काय आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमची सायकल बारा वर्षं तिथेच टांगलेली आहे. अव्वा दर अमावास्येला ती पुसते, दसऱ्याला तिला झेंडू बांधते आणि एरवी तिच्याकडे बघत नाही. मी बोट दाखवल्यावर तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "चन्नूला विचार." तर मामा, हे पत्र म्हणजे तेच विचारणं आहे. फक्त सायकल खाली काढून, दुरुस्त करून, चालवून आणि आपटून झाल्यावर विचारते आहे, एवढाच काय तो फरक.

तुमच्या अखंड सायकल चालवण्याच्या खेळाचे ते सात दिवस मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. (सहाच, पण फलकावर सात लिहिले होते.) मी आठ वर्षांची होते. होम मैदानावर दोरी लावून केलेलं गोल रिंगण, मधोमध बांबूला लाऊडस्पीकर, आणि सात दिवस पाय जमिनीला न लावता सायकलवर राहणारे तुम्ही. दाढी सायकलवर, आंघोळ सायकलवर. अव्वा तुमच्या बाजूने पळत पळत कडक भाकरीवर शेंगाची चटणी घालून तुमच्या हातात द्यायची. (तेव्हा तिचे गुडघे चांगले होते.) माझ्या वर्गातल्या पोरींना सगळ्यांत नवल वाटायचं ते तुम्ही सायकल उलटी चालवायचात त्याचं. मी तोऱ्यात सांगायची, की ही फिक्स चाकाची सायकल आहे. पायडल पुढे तर चाक पुढे, पायडल मागे तर चाक मागे, पाय थांबले की सायकल थांबली. शाळा सुटली की मी थेट मैदानात यायची आणि दोरीवर हनुवटी टेकवून तुमच्या फेऱ्या मोजायची. शंभराच्या पुढचे आकडे मला गुरुजींनी नव्हे, तुम्ही शिकवलेत.

सहाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तुम्ही केस विंचरत होता आणि कंगवा पडला. तो उचलायला मी दोरीखालून आत शिरले. अव्वा ओरडली. मी वर पाहिलं, तर तुमचा डावा पाय जमिनीवर होता. लाऊडस्पीकर बंद झाला. तुम्ही सायकल हातात धरून घरी आणलीत, भिंतीला टेकवलीत, पान्याने मागच्या चाकाचं काहीतरी काढून खिशात टाकलंत आणि म्हणालात, "अक्का, तूच थांब म्हणालीस." अव्वा म्हणाली, "म्या न्हाय म्हणाले." तुम्ही तशीच अकलूजची एस.टी. धरलीत. तेव्हापासून तुम्ही दिवाळीला माझ्यासाठी कापड पाठवता, अव्वा तुम्हाला चटणी पाठवते, पण तुम्ही आमचा उंबरा चढत नाही आणि ती तुमचा विषय काढू देत नाही.

असो. सायकल मी गुंडा मिस्त्रीकडे नेली. (गुंडा हे नाव आहे, स्वभाव नव्हे. पंक्चर काढतानासुद्धा तो ट्यूबची माफी मागितल्यासारखा चेहरा करतो.) सायकल बघून म्हणाला, "अक्का, ही सायकल न्हाय, देव हाय की. हिला झेंडू बी वाहिलाय." सीटचं कातडं कडक भाकरीसारखं वाजत होतं, टायर हात लावला तिथे गळून पडत होते, आणि चेन गंजून अशी आखडली होती, की भिंतीला काठीसारखी उभी राहिली. छर्रे नवे, तारा नव्या, सीट नवी. क्रँक मात्र तुमचाच ठेवला. गुंडा म्हणाला असं पोलाद आता येत नाही. तो दर वस्तूमागे एकदा मला वळवायचा प्रयत्न करी. "फिरीवेल टाका अक्का. पाय थांबला तरी सायकल जाती." मी त्याला समजावून सांगितलं, की पाय न हलवता पुढे सरकणं हीच आपल्या समाजाची खोड आहे; माणसाने जितकं चालावं तितकंच त्याला पुढे जाता यावं; फिक्स चाक हे खरं म्हणजे प्रामाणिक चाक. त्याने हातात पाना धरून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "खरंय तुमचं. पर उतारावर लई बरं असतंय." मग ब्रेकचं विचारलं. तुमच्या वेळी नव्हता, म्हणून नको म्हटलं. त्या दिवशी त्याने घंटी जरा मोठी बसवली.

मागच्या चक्रावर मात्र आमचा खरा वाद झाला. तुमचं बावीस दात्यांचं. गुंडा म्हणाला, "बावीस दात्यांनी गोल फिरायचं असतंय, गावाला जायचं नसतंय. चार मैल पाय भिंगरीवानी फिरवाल." त्याच्या डब्यात कुणा सर्कसवाल्याने विसरलेलं अठरा दात्यांचं चक्र निघालं. तुमचं चक्र काढताना मला मूर्ती हलवल्यासारखं वाटलं. (ते पुसून माझ्या ट्रंकेत, पदवीच्या कागदाशेजारी ठेवलं आहे.) फिक्स चाकाला चेन जराही ढिली चालत नाही, म्हणून गुंडा चाक मागे ओढून धरी आणि मी नट आवळी. हाताला लागलेलं वंगण मी अभिमानाने दोन दिवस तसंच ठेवलं. अव्वाने दोन दिवस मला कणकेजवळ येऊ दिलं नाही. शेवटी गुंडा चाकाच्या आसाजवळ बोट फिरवत म्हणाला, "हितं एक रिंग लागती. उलट्या आट्याची. चक्र सुलटं आवळतं, रिंग उलटी. थांबाया पायडल मागं दाबलं तर चक्र सुटू नये म्हणून. ती कुटंय?" तेव्हा मला कळलं, की त्या दिवशी तुम्ही खिशात काय टाकलं होतं. अख्ख्या सोलापुरात तसली रिंग मिळाली नाही. गुंडा म्हणाला, "रिंग येईस्तवर मागं दाबू नका, अक्का." मी म्हणाले, "गुंडाभाऊ, मी आयुष्यात मागे दाबणाऱ्यांतली नाही." (हे वाक्य मला इतकं आवडलं, की घरी येऊन वहीत लिहून ठेवलं.)

परवाच्या रविवारी सकाळी, मैत्रिणीकडून आणलेला पंजाबी ड्रेस घालून, मी निघाले. सपाटीवर फार छान चाललं. तुम्हाला कसं वाटत असेल ते मला बारा वर्षांनी कळत होतं, आणि मला एकदा रडूसुद्धा आलं. मग परतताना पाण्याच्या टाकीजवळून आमच्या गल्लीत येणारा उतार लागला. मामा, उतारावर फिक्स चाक प्रामाणिक राहत नाही. पाय माझे होते, पण ते किती फिरवायचे हे चाक ठरवत होतं. घंटी वाजवावी तर हँडल सोडावं लागेल. तेवढ्यात अव्वा दारात दिसली. दोन्ही हात वर करून ती ओरडत होती, "नीलू! नीलू!" लहानपणापासून जिने मला सायकलीच्या खुंटीखाली खेळू दिलं नाही, ती भर गल्लीत माझं नाव घेऊन मला चेव देते आहे! मी एक हात काढून तिला हलवून दाखवला आणि जोर लावला.

त्यानंतर मला गल्लीचा शेवट दिसला आणि मी मागे दाबलं. खट्ट झालं. पायडल उलटी गरगर फिरली आणि चाक आपलं पुढेच. ज्या फिरीवेलला मी चार दिवस नावं ठेवली, ते मला असं मिळालं. पुढे सूत रंगवणाऱ्या सावित्रम्माचं अंगण. तिथे बांबूंवर हिरवं सूत वाळत होतं. (वाळलेलं नव्हतं.) "अय्यो देवा!" सावित्रम्मा बाहेर धावली, "सूत वाळाया घातलाय का तुला झोपाया?" आणि मग माझा कान हिरवा बघून हसत सुटली.

अव्वा त्या गुडघ्यांनी पळत आली. आधी एक चापट दिली, मग जवळ घेतलं. म्हणाली, "मघाधरनं वरडतेय निल्लु, निल्लु. कान हायत का न्हाईत?" मी म्हणाले, "मला वाटलं, तू नीलू म्हणतेस."

(रामहरीभाऊ, हा कंस मोठ्याने वाचायला हरकत नाही, तो तुमच्यासाठीच आहे. निल्लु म्हणजे कानडीत थांब. आमच्या अव्वाला राग, भीती आणि आनंद तिन्ही कानडीतच येतात.)

मामा, अव्वा माझ्या गळ्यातली सुताची लड सोडवत होती, तिचे हात तसेच राहिले. मग ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी म्या तुला हाक मारली व्हती गं. तू दोरीतनं आत गेलतीस." एवढंच. तिला बारा वर्षं वाटत होतं, की तुम्ही दमलात आणि आळ तिच्यावर घातलात. तुम्हाला वाटत होतं, की तिने थांबवलं आणि नाकारलं. तुम्ही दोघंही खरं बोलत होता. मधे फक्त माझं नाव आलं. सावित्रम्माच्या अंगणात बसून अव्वा तुमच्यासाठी रडली, मामा. तिच्या डोळ्यांना हिरवे हात लागले, म्हणून आणखी रडली.

तर विनंती अशी, की ती रिंग तुमच्याकडे अजून असेल तर घेऊन यावं. टपालाने पाठवू नये, हरवायची. रविवारी आलात, तर तुमच्या हाताने बसवून होईल आणि सोमवारी मी शाळेत सायकलने जाईन. नाहीतर बसचा दांडा आहेच.

आपली आज्ञाधारक (विचारल्यानंतरची),
नीलांबिका, बी.ए.

ता. क. पुढच्या चाकाला ब्रेक बसवून घेतला आहे. तत्त्वाचा मी पुन्हा विचार केला.

ता. क. खोटं कशाला बोलू? गुंडा म्हणतो, तसली रिंग लेथवर आटे पाडून दोन दिवसांत होते. मग केली का नाहीस, विचारलं, तर म्हणाला, "तुमच्या अव्वा येऊन सांगून गेल्या, आत्ता करू नको म्हणून." तेव्हा रिंग सापडली नाही, तरी यावं.

ता. क. रामहरीभाऊ, ही ओळ मोठ्याने आणि दोनदा वाचावी. मामा, रविवारी संध्याकाळच्या एस.टी.ला निघताना उंबऱ्यातून अव्वाची हाक ऐकू आली, तर त्या वेळी ती मला हाक मारत नसेल.