बांगड्या वाढवल्या

ओतूर,
२४ डिसेंबर २००४

ती. आत्यास,
वृषालीचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे. थंडी लई पडलीय. मम्मीचा गुडघा परत दुखतोय. तू दिलेली लसणाची चटणी संपली.

पुस्तकाबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवलं होतं. नाही जमत.

वाचनालयात मी माझी कादंबरी वाचत होते, तेव्हा तू पहिल्या रांगेत होतीस. पहिले दोन चॅप्टर तू शेजारणीला कोपरानं ढोसत ऐकलेस. "माझंच सांगतीया पोरगी!" तुझी विहीर, तुझी तांबडी गाय, तुझ्या सासूचं बोलणं. मग मामांच्या, तुझ्या मालकांच्या, मरणाचं पान आलं.

तू मला सांगितलं होतंस, "मानूस वसरीवर पडलेलं व्हतं, आन बायांनी माझ्या बांगड्या वाढवल्या." मी टेप केलं होतं. आम्ही इंग्लिश मीडियमवाले. वाढवणं म्हणजे इन्क्रीज, एवढंच येतं. मी लिहिलं, 'बायकांनी तिच्या हातात आणखी बांगड्या चढवल्या, हिरव्यागार, कोपरापर्यंत.' खरं सांगू? सगळ्या पुस्तकात तेच वाक्य मला सगळ्यात आवडायचं. वाटलं, काय हिमतीच्या बायका!

तुमच्या गावची लंकाबाई मागून ओरडली, "नवरा वसरीवर आन ही कासाराकडं! लई हौशी बया, राव!"

हॉल हसला. तू उठून गेलीस. मला वाटलं, एसटी चुकेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी माझी मैत्रीण रुमाना, तिच्या आईनं, जैबुन्निसाचाचींनी, बांगड्यांच्या दुकानात मला जवळ बसवलं. "बेटी, वाढवल्या म्हणजे फोडल्या. आम्ही रोज बांगड्या विकतो, पण फुटली म्हणत नाही. वाढली म्हणतो." मी तिथंच रडले.

मंगळवारी पिंपरी पेंढारला तुझ्या दारात आले. तू कडी काढली नाहीस. दारात कासारीण आल्यासारखं आतून म्हणालीस, "मला न्हाई भरायच्या बांगड्या. दुसरं घर बघ."

आत्या, एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितली नाही. लंकाबाई बोलली तेव्हा मीपण हसले. माइकमध्ये. जोक कळला नव्हता, सगळे हसले म्हणून हसले. दारातून तू वळून बघितलंस ते माझ्याकडेच.

ज्यांनी पुस्तक नेलं त्यांच्या घरी जाऊन मी ती ओळ पेननं खोडतेय. तिथं तुझं वाक्य लिहायला हात धजत नाही. तू लिही म्हणशील तेव्हाच लिहीन. तोवर जागा कोरी. जेवण जात नाही गं. निदान एकदा ये आणि शिव्या तरी घाल.

लहानपणी तुझ्याकडून निघताना मी 'जाते' म्हणाले की पाठीत धपाटा बसायचा. "जाते न्हाई, येते म्हन." मंगळवारी तुझ्या बंद दाराला मी 'जाते' म्हणून आले. तेही चुकलं.

येते, आत्या.

तुझी,
वृषाली