केसभर उंच

२ जून

तोंड उघडत नाही! सकाळी दोन बोटं आत जाईनात. आई म्हणते, बरं झालं, दोन दिवस घरात शांतता. मी कॉलेज अर्धवट सोडल्यापासून तिला माझ्या प्रत्येक दुखण्यात काहीतरी सोय दिसते.

मामाच्या लॅबमधून तयार कवळ्या घेऊन दातांच्या दवाखान्यात गेलो. दोन जिने चढून वर काउंटरला ती. म्हणाली, "आज गप्प?" — जबडा निम्मा तिथेच बरा!

डॉक्टरीणबाईंनी कानापुढे बोट दाबून पाहिलं. सकाळी जास्त दुखतो का चावताना? सकाळी. मग झोपेत दात खातोस, म्हणाल्या, एवढा राग कोणावर? मी काउंटरकडे पाहिलं नाही. मुद्दामच. मऊ खा, शेक घे, जांभई जपून दे. दाढ किडली तर ठणकते, सायनस भरलं तर वाकल्यावर जड होतं, सांधा बिघडला तर कटकट वाजतो. सूज आणि ताप आला तर थांबायचं नाही. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आणि चढताना दुखला, बसल्यावर थांबला, घाम फुटला, तर माझ्याकडे येऊच नकोस. ते हृदय असतं. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल."

बाहेरून ती म्हणाली, "त्याला हृदय आहे?"

सगळे हसले. मीही हसलो. जाम दुखलं.

९ जून

तिचं लग्न ठरलं. माझ्याशी नाही.

११ जून

पाहिला त्याला. कानाजवळ केस पांढरे, हनुवटी पाटासारखी. नाव ठेवलं — जबडेश्वर! रोज संध्याकाळी तिला न्यायला दोन जिने चढून येतो म्हणे. हाही झोपेत दात खातो. हिनेच हौसेने खुर्चीत बसवला. रात्री दातांवर चढवायचं गार्ड करायचं ठरलं, डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं.

आणि माप आलं कोणाच्या हातात?

१३ जून

प्लास्टर ओतलं. तिने ज्याला हो म्हटलं त्याचा खालचा जबडा दिवसभर माझ्या टेबलावर. एक दाढ किडकी नाही. साल्याला दातही चांगले!

गार्ड उजवीकडे नीट घासलं. डावीकडे मागच्या दाढेवर केसभर उंच ठेवलं. केसभरच. रात्रभर सगळा भार एका बाजूला येईल, सकाळी उठेल तो डावा गाल धरूनच. मामा म्हणाला, आज मन लावून करतोयस. पिशवीत घालून सील केलं, डबीत ठेवलं. स्वतः नेऊन तिच्याच हातात दिलं, ती परस्पर त्याला देणार.

२० जून

लागू पडलं! ती काउंटरवर सांगत होती, त्यांचा डावा जबडा दुखतो हो. "त्यांचा"! मी चेहरा पाडून विचारलं, फार का? परत येताना शीळ घालत आलो.

२४ जून

डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, गार्ड रोज लावता ना? "लावतो की." दाखवा. घरी विसरलो. मग म्हणाल्या, सवय लागेपर्यंत थोडं दुखणारच, पुढच्या वेळी आणा, घासून देईन.

विसर बाबा. विसरत राहा.

२७ जून

जिन्याच्या वळणावर भेटला. मी उतरत होतो. हा पायरीवर बसलेला, तळवा डाव्या जबड्यावर, कपाळावर घाम. मी उभा राहून बघत राहिलो. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. थोड्या वेळाने स्वतःच हसला. म्हणाला, "थांबलं. जिना चढलो की धरतो मेला. तिला सांगू नका हं, लगेच वय काढेल माझं." उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. "गार्ड मात्र झकास झालंय."

मी म्हणालो, "होईल सवय."

२८ जून

चढताना. बसल्यावर थांबला. घाम.

छे! दुखणं माझ्या हातचं आहे. मी केलंय ते, हृदयबिदय काही नाही. आणि बोललो तर गार्ड मागवतील, उंच निघेल, मामा हाकलेल. ती तर तोंडही बघणार नाही.

पण गार्डने सकाळी दुखायला हवं. जिन्यात कसं दुखेल?

सांगतो उद्या.

२९ जून

सांगायलाच गेलो होतो. ती पडद्यांचा रंग ठरवत होती, त्याच्या घरच्या. मला विचारते, निळा की पिवळा? तुझी आवड चांगली आहे.

निळा, म्हणालो. कवळ्या ठेवल्या आणि आलो.

३ जुलै

जबडेश्वर गेला. दवाखान्याच्या जिन्यात, त्याच वळणावर. हाक ऐकून ती वरून धावत आली, तोवर सगळं संपलं होतं.

डॉक्टरीणबाई मामाला सांगत होत्या — मी गार्डवर ढकलत राहिले, जिन्याचं कोणी बोललंच नाही मला. मामा माझ्याकडे वळून म्हणाला, तू तर रोज जातोस त्या जिन्याने. तुला कधी दिसला नाही?

नाही, म्हणालो.

१६ जुलै

ती लॅबमध्ये आली. माझ्याच टेबलापाशी. डबी पुढे ठेवली. "तुझी मेहनत आहे, टाकवेना. एकदाही लावलं नाही त्यांनी. बाई रागावतील म्हणून लावतो म्हणायचे."

ती गेल्यावर डबी उघडली. पिशवीचं सील मी लावलं होतं तसंच आहे.