रोजची एक चूक

सोम. १० फेब्रु.
संध्याकाळच्या प्रार्थनेआधी प्रत्येकाने दिवसातली आपली एक चूक सांगायची, हा पप्पांचा नियम. शाळेआधीची माझी शाळा हीच. आज मी : दूध उतू गेलं. धाकटी शलू : "ताई, हे शुक्रवारीच सांगून झालंय."
शलूला आलेलं केडगावचं स्थळ पप्पा नाकारणार. रविवारी कळवायचंय. मुलगा काल इथे राहात्याला आमच्या घरी आला होता, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी म्हटलं, बोलताना नजर देत नाही. लगेच सगळ्यांना पटलं. मी घरातली शहाणी ना.

बुध. १२
आत्याचा फोन. स्थळ तिनेच आणलेलं. "अगं, पोरगं लाजाळू हाय. बघायचं तिला, तुला कशाला नजर देईल?" मी म्हटलं, निर्णय पप्पांचा. "व्हय, आन् पप्पा कुनाच्या डोक्यानं चालतात?"
वैताग. मत विचारायचं, आणि दिलं की असं.

गुरु. १३
पोळ्या लाटताना शलू : "मला आवडला होता तो." मग बोलली का नाहीस? "तू विचारलंस?"
नव्हतं विचारलं.
आजची चूक : कुंडीला पाणी घालायचं राहिलं. पप्पा "बरं" म्हणाले. वीस वर्षं मी अशाच चुका निवडते, कुणाचं काही न बिघडवणाऱ्या. त्यावर मनाने स्वच्छ म्हणून नाव.

शनि. १५
त्या रविवारी तो मुलगा चहा पीत होता तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं? नजर नाही. शलू गेली की आईचे गुडघे, पप्पांचं इन्सुलिन, सगळं माझ्या एकटीवर. नजरेचं मग शोधलं.
की हेही आता मी स्वतःला टोचायला म्हणून... पुरे. शहाणी म्हणे. स्वतःचं एक कारण धड ओळखता येत नाही.

रवि. १६
चर्चहून आल्यावर पप्पा फोन लावणार होते. म्हटलं, उद्या लावा. "का?" मी चपला जागेवर लावायला लागले. "तू एवढी विचार करणारी मुलगी..." हे वाक्य आता ऐकवत नाही.
प्रार्थनेला शलूने सांगितलं, ताईशी अबोला धरला. मग माझी पाळी. केडगावच्या मुलाबद्दल मी बोलले ते... पप्पांनी चष्मा काढला. "ते काय?"
ते खरं कारण नव्हतं, एवढंच म्हटलं. पप्पांनी पुढे विचारलं नाही. शलूने भांडी घासताना विचारलं, मग खरं काय?
उद्या सांगते म्हटलं.
"उद्यापर्यंत तू चांगलं कारण शोधशील."