कॅसेटीला विश्रांती

१९ ऑगस्ट २०१३, सोमवार

आजपासून ही रोजनिशी फक्त तांत्रिक कामाची. तब्येत, मनःस्थिती आणि बारावी हे विषय यात येणार नाहीत.

अजीजभाई नांदेडला लेकीकडे आहेत. पाय मोडला, प्लास्टर आहे. त्यामुळे लातूरचा स्टुडिओ पूर्णपणे माझ्या जबाबदारीवर. क्लासच्या पोरांचे पासपोर्ट फोटो सोडले तर काम नाही. अजीजभाईंनी फोनवर सांगितलं म्हणून माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली. आत त्यांनी जवानीत शूट केलेल्या लग्नांच्या कॅसेटी. बहुतेकांना बुरशी. एक मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडी. लेबलवर 'भीमाचे लग्न, मे ९३' आणि गावाचं नाव. ते गाव भूकंपात गेलं.

दुपारी मेसमध्ये जेवताना सहज बोललो. मेसच्या नागुबाई मावशी त्याच गावच्या. भीमा त्यांचा भाऊ. मागे पोरं ताटं घेऊन रांगेत उभी, आणि मावशींची वरणाची पळी तशीच हवेत.

कॅसेट कॉपी काढायला लातूरला आली होती, म्हणून वाचली. मावशी इथे दवाखान्यात भरती होत्या, म्हणून वाचल्या. आई, भाऊ, नवरा आणि सहा वर्षांची सुजाता घरात होती. घराबरोबर फोटोही गेले. सुजाताचा एकही फोटो कुणाकडे नाही.

"त्यात माझी सुजा आसंल," मावशी म्हणाल्या. "लई मिरवली होती लग्नात."

मी शब्द दिला. तीस सप्टेंबरला वीस वर्षं होतात, त्या दिवशी मेस बंद असते. त्या दिवशी सुजाता संगणकावर, रंगीत आणि स्वच्छ.

पुढची योजना: मराठवाड्यातलं पहिलं अचूक व्हिडिओ डिजिटल केंद्र. बोर्डाचा मजकूर तयार. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

नांदेडला जाऊन आलो. अजीजभाईंची भेट घेतली आणि बाजारातून यूएसबी कॅप्चरची डबी आणली. काडेपेटीएवढी आहे. एका बाजूला तीन वायरी, दुसऱ्या बाजूला यूएसबी. व्हीसीआरमधून चित्र निघतं, डबीतून संगणकात जातं. सोपं आहे.

अजीजभाई म्हणाले, आधी दुसरी एखादी बुरसटलेली कॅसेट लावून बघ, हात बसू दे. मी हो म्हटलं. पण परीक्षा ज्या पुस्तकाची आहे तेच पुस्तक वाचावं, असं माझं मत आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार

डबीबरोबरची छोटी सीडी संगणकाने तीनदा बाहेर टाकली. चौथ्यांदा घेतली. निळा पडदा. सिग्नल नाही.

दिवसभर संगणक बंद-चालू. शेवटी कळलं की पिवळी वायर व्हीसीआरच्या 'आउट'ऐवजी 'इन'मध्ये होती. व्हीसीआर बनवणाऱ्यांनी दोन्ही भोकं शेजारी का ठेवावीत, हा प्रश्नच आहे. चूक माझी म्हणता येणार नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार, दुपारी

चित्र आलं.

मांडव, निळे झेंडे, वराच्या शेजारी करवल्या. सगळं काळं-पांढरं. रंग नाही. दुकानातला टीव्ही उन्हाळ्यातच जळाला, त्यामुळे कॅसेटीत रंग आहे की नाही हे पडताळता येत नाही. पण ९३ साली रंग होतेच. म्हणजे दोष डबीच्या सेटिंगमध्ये.

सुजाता सापडली. सगळीकडे पळतेच आहे, पाठमोरी, कुणाच्या तरी मागे. चाचणीला निरुपयोगी. एकाच ठिकाणी समोर येऊन उभी राहते, दोन श्वास जातील एवढा वेळ, हातात फुलं. अजिबात हलत नाही. चाचणीसाठी उत्तम जागा.

अजीजभाईंना फोन केला. ते म्हणाले, एकच जागा पुन्हा पुन्हा चालवू नको, वीस वर्षांची टेप आहे, घासत जाते. सूचना योग्य वाटली. ती काटेकोरपणे पाळणार. आता कॅसेट चालवायची नाही. मुलगी समोर आली की पॉज करायचं आणि थांबलेल्या चित्रावर सेटिंग करत बसायचं. टेप जागेवरून हलत नाही म्हणजे ती घासणार कशी? जेवढा वेळ पॉज, तेवढी टेपला विश्रांती.

हा विचार अजीजभाईंनाही सुचला नव्हता. त्यांना सांगितला नाही. वडील माणूस, वाईट वाटेल.

२९ ऑगस्ट, गुरुवार

व्हीसीआरमध्ये दोष आढळला. पॉज करून थोडा वेळ झाला की तो खट् करून आपोआप बंद होतो. पुन्हा लावावं लागतं, पुन्हा मुलीपर्यंत यावं लागतं, पुन्हा पॉज. दिवसभर हेच. पॉजमध्ये आतून घर्रर्र असा बारीक आवाज येत राहतो. टेप थांबलेली असते, पण आत काहीतरी फिरतच असतं. काय ते बघायला हवं.

आता बोट न बघता पॉजवर पडतं.

२ सप्टेंबर, सोमवार

सॉफ्टवेअरमध्ये टीव्हीच्या रंगपद्धतींची एक यादी आहे. वर एनटीएससी, मध्ये पॅल, खाली सेकॅम, आणि प्रत्येकाच्या पोटजाती. यातलं एक बरोबर आहे.

क्लासचे सर सांगायचे, शेवटचा धडा आधी करा, तो सगळ्यांचाच राहतो. म्हणून खालून सुरुवात. प्रत्येक पोटजातीला ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस सगळे आलटून पालटून. एकही सोडायचं नाही. फिजिक्सच्या पेपरात मी पहिला प्रश्न सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावला नव्हता. निकाल वेगळा लागला, पण पद्धत बरोबर होती.

(बारावीचा उल्लेख झाला. यापुढे होणार नाही.)

अजीजभाईंचा फोन लेकीने, अफसानाबाजींनी घेतला. मागून ते ओरडून सांगत होते की आपल्याकडे सगळं पॅल, सरळ पॅल लाव. मी नम्रपणे हो म्हटलं. मधूनच उडी मारणं माझ्या स्वभावात नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

मावशी रोज वाढताना विचारतात, "दिसली का रं?" मी रोज सांगतो, प्रक्रिया चालू आहे. आज क्लासचं एक पोरगं म्हणालं, हा आमच्या सरांसारखाच बोलतोय, पोर्शनही संपत नाही आणि परीक्षाही होत नाही. सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत.

हात पुसत माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"काळी-पांढरी दिसती म्हनतोस न्हवं? मला तशीच चालंल. एकदा दाव, धम्मा. उभ्याउभ्या बघून जाते."

मी समजावून सांगितलं. अर्धवट काम ग्राहकाला दाखवायचं नाही, हे आपल्या केंद्राचं तत्त्व आहे. वीस वर्षं थांबलात, आता तीन आठवडे. त्या म्हणाल्या, तू शिकलेला, तुला कळतं. आणि उठून भाकरी थापायला गेल्या.

'शिकलेला' हा शब्द बरा वाटला.

९ सप्टेंबर, सोमवार. गणेश चतुर्थी

बाहेर ढोल. आत काम.

व्हीसीआरचं झाकण काढलं. टेप ज्याच्याभोवती गुंडाळली जाते तो मधला गोल ढोलका चकचकीत असायला हवा, त्याच्या कडेला तपकिरीसारखी बारीक पूड साचली होती. पांढऱ्या रुमालाने पुसली. रुमालावर तपकिरी पट्टा. इतकी घाण अजीजभाईंनी कधी काढली नसेल. आता हे रोजचं काम. रोज संध्याकाळी पूड पुसणे, रुमाल साबणाने धुणे, चाचणीत साठवलेल्या चित्रांच्या फाइली डिलीट करणे, रिसायकल बिन रिकामं करणे. डेस्कटॉपवर एक कण नको.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पूड रोज निघते. कालच पुसली होती तरी आज तेवढीच. कुठून येते कळत नाही. धूळ म्हणावी तर दार बंद असतं.

चित्रावर आडव्या पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. मुलीच्या जागीच जास्त आहेत. नवरा-नवरीवर नाहीत. कारण: मिरवणुकीच्या लायटिंगमुळे व्होल्टेज कमी. गणपतीनंतर जातील.

सेकॅमच्या चार जाती पूर्ण. रंग नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

काल विसर्जन झालं. व्होल्टेज भरपूर. रेघा गेल्या नाहीत.

डबी तापते, कारण तेच असणार. डबीखाली ओलं फडकं ठेवलं. मग शार्पनेस कमी केलं, रेघा मऊ झाल्या. मुलगीही मऊ झाली. मग शार्पनेस वाढवलं. रेघा मोजत बसलो, सतत वेगळ्या येतात.

आज पॉज जास्तीत जास्त वेळ दिला. टेपला जेवढी विश्रांती मिळेल तेवढं बरं, असं वाटलं. व्हीसीआर सारखा बंद होत राहिला. एकदा तर मी त्याच्याशी बोललो. नोंद करण्यासारखं नाही.

मावशी ताटावर म्हणाल्या, काल सपनात सुजा आली होती, पण पाठमोरी. मी म्हटलं, कॅसेटीतही बराच वेळ पाठमोरीच आहे. माहिती म्हणून सांगितलं. पोरं माझ्याकडे बघत राहिली.

२५ सप्टेंबर, बुधवार

मुलीच्या जागी आता कुरमुरे सांडल्यासारखं दिसतं. मध्येच खांदा किंवा फुलं दिसतात. मांडव मात्र अगदी स्वच्छ आहे. एका कॅसेटीत एकच जागा कशी बिघडेल? म्हणजे कॅसेट बिघडलेली नाही. रंगाचं गणित सुटलं की हेही सुटणार, दोन्ही दोष एकाच मुळातून येतात. अशी माझी खात्री आहे.

जेवण गेलं नाही. पित्त असावं.

सेकॅम उद्या संपेल. अजीजभाईंचं प्लास्टर निघालं, परवा येतो म्हणाले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी

सेकॅम संपलं. पॅलची पहिलीच जात लावली.

रंग आला. झेंडे निळे, नवरीची साडी पांढरी, जिलबी नारिंगी, मांडवाचं कापड गुलाबी. ९३ सालचं ऊन पिवळं. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. पद्धतशीर काम कधीही वाया जात नाही.

कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅप्चर केली. सगळं आलं. सुजाताच्या जागी फक्त पांढरं आलं.

संध्याकाळी अजीजभाई काठी टेकत आले. फाइल बघितली. त्या जागी आल्यावर त्यांनी मला विचारलं, पॉज लावत होतास? मी विश्रांतीची पद्धत समजावून सांगितली. मग त्यांनी व्हीसीआरवर वाळत घातलेला रुमाल उचलला, त्यावर धुऊनही न गेलेला डाग होता. मी म्हटलं, रोज घाण निघते.

"बेटा, हा मळ न्हाई," अजीजभाई म्हणाले. "चित्र हाय हे. टेप थांबती, ढोलका थांबत न्हाई, तिथंच घासत ऱ्हातो. म्हनून तर मशीन आपोआप बंद व्हतं."

त्यांनी रुमालाची घडी घालून ती टेबलावर ठेवली. मी रुमाल रोज धुतला आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

डिलीट केलेल्या चाचणीच्या फाइली परत आणता येतात का ते बघितलं. रिसायकल बिन रिकामं आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

दुसरा व्हीसीआर मिळतो का ते लातूरभर फिरून बघितलं. एक मिळाला. त्यातही तसंच.

मावशींना आधी कल्पना द्यावी असं अजीजभाईंचं मत. मी म्हटलं, उद्या त्या स्वतः बघतीलच. शिवाय बाकीचं लग्न उत्तम आलं आहे. त्यांची आई आहे, भाऊ आहे, नवरा तर तीन ठिकाणी आहे. टक्केवारीने पाहिलं तर काम जवळपास पूर्ण.

३० सप्टेंबर, सोमवार

सकाळी गावाकडे फुलं वाहून मावशी थेट दुकानात आल्या. अजीजभाईंनी खुर्ची पुसून दिली. ते नंतर बाहेर जाऊन उभे राहिले.

फाइल लावली. मावशी पडद्याला हात लावून एकेकाला ओळखत होत्या. ही आई, हा भीमा, ही आमची गाय. त्यांचा नवरा आला तेव्हा पदर सारखा केला. सुजाताची पाठ एकदा कोपऱ्यातून पळाली, तेव्हा त्या पुढे वाकल्या. "आता वळंल," म्हणाल्या.

मग ती जागा आली. पांढरं झालं, आणि पुन्हा मांडव.

त्यांनी परत लावायला सांगितलं. परत लावलं. आणखी एकदा लावलं. मी सांगायला लागलो की टेप जुनी होती, डबी चिनी, व्होल्टेज. त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. तू तर रोज बघत व्हतास नं? मग तूच सांग. तोंड कसं व्हतं रं तिचं? मला आता आठवंना गेलंय."

मी आठवायला लागलो. महिनाभर ती माझ्यासमोर होती. मी म्हटलं, समोर बघत होती. स्थिर होती. हातात फुलं होती.

"तोंड, धम्मा."

मी म्हटलं, गोल होतं. डोळे मोठे. मग त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, मावशी, अगदी तुमच्यासारखीच होती.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. क्लासच्या एखाद्या पोराला ताप आला की कपाळाला हात लावण्याआधी बघतात, तसं.

"सारं गाव म्हनायचं बापावर गेली म्हनून," त्या म्हणाल्या. "तेवढं तर मला ठाऊक हाय."

कॅसेट त्यांनी मागितली. मी ती पिशवीत घालून दिली. त्या पदराखाली धरून गेल्या.

२ ऑक्टोबर, बुधवार

मेस कालपासून चालू. मावशींनी नेहमीसारखी दीड भाकरी टाकली, वर तेल-चटणी. काही विचारलं नाही. पुढच्या पोराकडे गेल्या.

दुपारी डोळे मिटून बसलो आणि तिचं तोंड आठवायचा प्रयत्न करून पाहिला. ब्राइटनेस आठवला, कॉन्ट्रास्ट आठवला. रेघा कुठल्या बाजूने येत होत्या तेही आठवलं.

डबी आता उत्तम चालते. संध्याकाळी एक जण आईच्या साठाव्या वाढदिवसाची कॅसेट घेऊन आला होता. त्याला सांगितलं, ते काम इथे होत नाही.