सालीसकट ओंडका

प्रिय मॅडलिन,

दलदलीतली आपली अ‍ॅशची झाडं तोडून झाली. सालीखालून झाड पोखरणारा तो किडा पोचायच्या आत जेवढी चांगली सापडली तेवढी पाडली आणि ओंडके तळ्यात बुडवून ठेवले. पाण्यात लाकूड टिकतं, म्हणजे निदान काही वर्षं गावातल्या बायकांना टोपल्यांपुरत्या पट्ट्या मिळतील. पुढचं कुणी बघितलंय! प्रत्येक बुंध्याशी तंबाखू ठेवला, बाबा ठेवायचे तसा. पण झाडाची परवानगी मागायचे शब्द काही केल्या तोंडातून फुटेनात. तुझ्या वहिनीने टोमणा मारलाच, "काय रे, झाडाशी भांडलास की काय?" मी हसलो. आणि कुऱ्हाड उचलून पुढच्या झाडाकडे वळलो.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी भर दुपारी तळ्याच्या पलीकडच्या काठावरून, त्यांच्या जागेवरून, पट्ट्या सुटाव्यात म्हणून ओंडका ठोकल्याचा आवाज येतो. चार-पाच घाव, मग दम खायला थांबणं, अगदी त्यांचंच. दोनदा जाऊन आलो. कुणी नाही. नुसती वाळलेली झाडं, सुतारपक्ष्यांनी सोलून काढलेली, आत अळ्यांनी नागमोडी कोरलेली. मला भीती वाटते गं. या वयात, भरदिवसा!

जळण विकणारा क्लोव्हिस आठवतो ना? बाहेरून लाकूड आणतो म्हणून किडा त्यानेच आणला, असं गावाने ठरवून टाकलंय. त्याच्याकडून आता कुणी ढलपीसुद्धा घेत नाही. परवा गावच्या हॉलमध्ये जेवायला आला, तर बाकावरची माणसं ताटं उचलून दुसरीकडे गेली. मला म्हणाला, "टोमा, तू तरी बस रे. माझ्या अंगावर किडे नाहीत." मी बसलो. ताटाकडेच बघत जेवलो.

तीन वर्षांपूर्वी वसंतात तुझ्याकडून निघालो, तेव्हा तू एक सरळसोट ओंडका गाडीत घातलास. माझ्याकडची झाडं किड्याने मरतायत, एवढा तरी बाबांच्या जागी ठोकला जाऊ दे, म्हणालीस. आणि बजावलंस, साल इथेच काढून जा. मी हो हो म्हटलं आणि नाही काढली. साल काढली की लाकूड सुकतं, मग पट्टी सुटत नाही. लहानपणापासून हेच शिकलो ना आपण! माझा खांदा धरला होता, ठोकणं जमेना, म्हणून ओंडका पलीकडच्या काठावर तसाच पडून राहिला. जूनअखेर सालीवर बारीक भोकं दिसली, किडे बाहेर पडून गेले होते. गुपचूप जाळून टाकला, कुणाला बोललो नाही. पहिलं झाड वाळलं ते तिथून दहा पावलांवर. रविवारी क्लोव्हिसला शेजारी उभं करून हे सगळं गावासमोर सांगणार आहे. ओंडका कुणाचा, असं विचारतीलच, आणि तुझं नाव घ्यावं लागेल. तू साल काढायला सांगितलं होतंस, हेही सांगेन. पण हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून आज लिहायला बसलो. तुझं काही चुकलं नाही, मॅडलिन. मी केलं.

तुझाच,
टोमा